मागची भिंत

आमच्या घराच्या शेवटच्या खोलीला मातीच्या भिंती तीनच होत्या. चौथी भिंत डोंगराची. बाबांनी डोंगराचा पायथा पहारीने तासून उभा काप घेतला, त्यावर शेणामातीचा हात फिरवला, बाकी तीन बाजूंनी भिंती उभारल्या आणि वर सागाच्या बल्ल्या टाकून धाबं केलं. त्या एका उन्हाळ्यात ती खोली अशी गार होती की गावातली माणसं काहीतरी निमित्त काढून यायची, डोंगराला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, "किसनभाऊ, डोकं हाय बापा तुमचं." बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. स्तुतीला विटणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि माझे बाबा तर नव्हतेच तसे.

आमचं गाव म्हणजे किन्हीराजाकडच्या डोंगराच्या पायाशी एका रांगेत बसलेली घरं. पुढे नाला, नाल्यापलीकडे काळी जमीन. परका माणूस आला की हमखास विचारायचा, एवढी मोकळी जमीन पलीकडे असताना तुम्ही डोंगराला चिकटून कशाला राहता? त्याला काळ्या मातीची खोड माहीत नसायची. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यावर उभी केलेली भिंत दोन वर्षं सरळ राहत नाही. शिवाय जी माती पोट भरते तिच्यावर चूल मांडायची नाही, हेही होतंच. डोंगराकडचा मुरूम घट्ट, पाणी धरत नाही. तिथेच खारी माती निघायची, जी धाब्यावर पसरली की पाऊस आत येत नाही. दर उन्हाळ्यात सगळं गाव टोपली आणि कुदळ घेऊन डोंगराच्या पायाशी जायचं, खारी खणून आणायचं आणि आपापल्या छतावर टाकायचं. म्हणजे आम्ही डोंगराच्या पायाशी राहत होतो आणि त्याचाच पाय थोडा थोडा उकरून डोक्यावर घेत होतो. हे मला आज सुचतं. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते आणि टोपली डोक्यावर घेऊन चालायला मला आवडायचं.

खोली बाबांनी गारव्यासाठी बांधली नव्हती, वहिनीसाठी बांधली होती. वहिनीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, मानोऱ्याकडे झालं आणि ते लेकरू महिनाभरही जगलं नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा आत्याने जाहीर केलं की या वेळी पोरगी कुठे जायची नाही, माझ्या डोळ्यांसमोर बाळंत होईल. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली होती, तेव्हापासून घर आत्याच्या हाताखाली होतं. तिला बाबांपेक्षा वय जास्त आणि आवाज त्याहून जास्त. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, वाशीमला कापसाच्या जिनात कामाला होता आणि सणावारी यायचा. घरात त्यामुळे आम्ही चौघंच. त्या लेकराच्या जाण्याने बाबा मनातून फार खचले होते. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी पहार घेतली आणि सुनेसाठी वारा न लागणारी, ऊन न लागणारी खोली खणायला सुरुवात केली.

खोलीचं धाबं पुरं झालं आणि चैत्रात डोंगर पेटला. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरात वाटलेली असत. आमचं झाड वरच्या टेकाडावर होतं. पहाटे मोहफुलं गळतात, पण खाली पाल्याचा थर असला तर ती सापडत नाहीत, म्हणून बायका आधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. आत्याही करायची. मी एकदा म्हटलं होतं की झाडूने लोटला तर नाही का चालणार, तर म्हणाली, "तू लोट बाई सारा डोंगर, मी भाकरी टाकून ठिवतो." त्या दिवशी डोंगरावर पाच-सहा ठिकाणी असा धूर होता. दुपारी वारा फिरला. त्यातला कोणाचा जाळ सुटला हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याचाही एक धूर वर होताच.

आग पाहिलेली माणसं तिच्या ज्वाळांचं बोलतात. मला तिचे आवाज आठवतात. बांबू फटाफट फुटत होते, तापलेले दगड तडकून खाली घरंगळत होते, आणि या सगळ्याखाली एक सलग घरघर होती, ती कानाला नाही, छातीला कळत होती. आग उतारावरून हळू खाली येत होती. पुरुष पळसाच्या ओल्या फांद्यांनी झोडपत होते, बायका कडब्याच्या गंजीवर पाणी ओतत होत्या. वहिनीला पाचवा महिना होता. तिला आत्याने नाल्यापलीकडे बसवलं होतं आणि तिच्याजवळ घरातली एकच मौल्यवान वस्तू दिली होती, ती म्हणजे दुभती म्हैस. फांद्यांनी आग मरत नाही हे पाहिल्यावर बाबा ओरडले, "झोडपनं सोडा. खुरपा. गवत, झुडूप, मुळ्या, काई ठिवू नका." सगळं गाव कुदळी-पावडी घेऊन भिडलं. आमच्या खोलीच्या वरून रांगेतल्या शेवटच्या घरापर्यंत डोंगराचा एक पट्टा त्यांनी सोलून काढला, अगदी लाल मुरूम दिसेपर्यंत. संध्याकाळी आग त्या पट्ट्याशी आली, खायला काही मिळालं नाही, आणि तिथेच विझली.

गाव वाचलं. दुसऱ्या दिवशी देवीला पुरणाचा नैवेद्य झाला आणि बाबांच्या कपाळाला गुलाल लागला. त्यांना मी इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. पण तिथून त्यांना त्या पट्ट्याचं वेडच लागलं. पावसाच्या चार थेंबांनी एखादा कोंब फुटला की ते वर जाऊन उपटायचे. जळक्या झुडपांची खोडं त्यांनी मुळासकट खणून सरपणाला आणली. पुन्हा आग आली तर सून बाळंतिणीच्या खोलीत असणार, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. गावानेही त्या वर्षी खारी मातीसाठी दुसरीकडे कुदळ मारली नाही. पट्टा आयता मोकळा होता, माती भुसभुशीत होती, घराच्या मागेच होती. आमचं धाबं तर इतकं जाड झालं की बल्ल्या वाकल्यासारख्या वाटायच्या. वर सगळा डोंगर काळा आणि खाली आमचा लाल पट्टा. त्याच्याकडे पाहून सगळ्यांना हायसं वाटत होतं.

श्रावणात झड लागली. वऱ्हाडातली झड ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. ती कोसळत नाही, नुसती लागून राहते, सूर्य म्हणजे काय ते विसरायला होतं, आणि मीठसुद्धा पाणी सोडतं. त्या झडीतच वहिनी बाळंत झाली. मुलगा झाला. आत्याने थाळी वाजवली आणि नंतर एका कोपऱ्यात तोंड फिरवून बराच वेळ डोळे पुसले. मग लगेच तिचं राज्य सुरू झालं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, आणि बाळंतिणीच्या कानात कापूस. सोयर असल्यामुळे बाकी कोणी आत जायचं नाही. वहिनीजवळ उठबस करायला मला आत ठेवलं होतं. निखाऱ्याची ऊब, ओल्या मातीचा वास आणि त्या इवल्याशा जिवाचं कुरकुरणं, यात मला फार बरं वाटायचं. आत्या बाहेर गेली की वहिनी कानातला कापूस काढायची.

एका दुपारी ती म्हणाली, "शेवंते, भिंतीमागं कोनी दळन दळून राह्यलं का व?"

मी हसले. भिंतीमागे डोंगर. तिथे कोण जातं मांडणार? पण तिने माझा हात धरून मला भिंतीशी बसवलं. मी कान लावला. आधी काहीच नाही. मग एक बारीक खरखर, थांबून थांबून, जड जात्याच्या पहिल्या फेऱ्यासारखी. मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "बाळंतिनीच्या कानात हवा भरते. तिनं कापूस काढला असन. अन् तुले काय झालं, तू काई बाळंतीन हायस?"

बाबा आत येऊ शकत नव्हते, दारातूनच त्यांनी विचारलं. वहिनी पदर पुढे ओढून म्हणाली, "मामंजी, भिंत वाजते."

"वाजत नसते पोरी. भिंतीले ओल आली, झड हाय तं येनारच. मी बसवली ती भिंत."

त्यानंतर दार अडकायला लागलं. आधी खालचा कोपरा जमिनीला घासला, मग वरचा चौकटीला. बाबा म्हणाले, लाकूड फुगलं. त्यांनी वाकस आणला आणि दाराचा कोपरा छान गोलाईने तासून दिला. दार पुन्हा लागायला लागलं. सकाळी पुन्हा अडकलं, त्यांनी पुन्हा तासलं. दार फुगत नव्हतं, चौकट वाकडी होत होती. पण स्वतःच्या हाताने बांधलेल्या घराच्या दाराचा दोष आधी दिसतो, घराचा नाही. त्या तासलेल्या लाकडाच्या साली मी शेगडीत टाकायचे आणि त्यांचा वास मला आवडायचा.

पाचवीचा दिवस उजाडला. त्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, हे लहानपणापासून ऐकलेलं. तोवर बाळ-बाळंतिणीने खोली सोडायची नाही. पहिल्या लेकराच्या पाचवीला वहिनीच्या माहेरी काहीतरी चुकलं, म्हणून ते गेलं, अशी आत्याची पक्की समजूत होती. त्यामुळे या पाचवीला ती हातात लाटणं घेऊन पहारा देणार होती म्हणा ना. सकाळपासून ती पुढच्या सोप्यात ज्वारीच्या पिठाचे दिवे करत बसली होती. पाटा-वरवंटा धुऊन ठेवला होता, विळा ठेवला होता. बाबा खोलीच्या धाब्यावर चढून गळक्या जागी आणखी खारी दाबत होते. त्यांच्या पावलांचा धपधप आवाज आमच्या डोक्यावर येत होता.

दुपारच्या जेवणानंतर वहिनी बाळाला पाजत होती. भिंतीची खरखर थांबलेली होती. मला तेवढंच बरं वाटलं. पण वहिनीचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "थांबलं." आणि तिने बाळाला छातीपासून सोडवलं, दुपट्यात घट्ट बांधलं आणि उभी राहिली. पाच दिवसांची ओली बाळंतीण, उभं राहताना तिने बाजेचा आधार घेतला. तेवढ्यात मागच्या भिंतीचा लिंपलेला पोपडा, भाकरी उलथावी तसा, सावकाश सुटून खाली पडला. आत ओला लाल मुरूम होता आणि त्यातून पाणी झिरपत नव्हतं, वाहत होतं.

मी दाराकडे गेले. दार हललं नाही. मी दोन्ही हातांनी ओढलं. वहिनीने एका हाताने ओढलं. "आत्याबाई, दार लोटा," ती म्हणाली.

बाहेरून आत्याचा आवाज आला, "कायले?"

"आमाले भाईर याचं हाय."

"आज? आज पाचवी हाय गोदे. सटवाई येईन अन् खोली रिकामी दिसन, मंग काय लिहीन ती लेकराच्या कपाळी? बस खाली."

"डोंगर येऊन राह्यला, आत्याबाई."

"कानात कापूस घाल."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण माझा तो आवाज ऐकून बाबांची धपधप थांबली. ते बल्लीवरून घसरतच खाली आले असावेत. बाहेरून त्यांनी दाराला खांदा दिला. दार चौकटीत असं घट्ट बसलं होतं की कुरकुरलंसुद्धा नाही. मग त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं असणार, कारण ते म्हणाले, "बाई, पहार आन," आणि त्या आवाजात आत्याला कधी कोणी काही सांगितलं नव्हतं. ती पळाली. ती पळू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

बाबांनी दार सोडलं आणि बाजूची भिंत फोडायला घेतली. त्याच भिंतीची माती त्यांनी पायांनी तुडवली होती, त्यात कुटार, म्हणजे भुसा, मिसळलं होतं आणि ती पन्नास वर्षं हलणार नाही असं ते म्हणाले होते. ती खरंच घट्ट होती. पहारीचा प्रत्येक घाव आम्ही आतून मोजल्यासारखा ऐकत होतो आणि मागून मुरूम जमिनीवर पसरत पसरत बाजेच्या पायांपर्यंत आला होता. शेगडीवर पाणी पडून आत वाफ कोंडली. बाळ रडत नव्हतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. शेवटी भिंतीतून पहारीचं टोक आलं, मग उजेड आला, मग बाबांचा हात आला, बोटं सोललेली. भोक टोपलीएवढं झालं तेव्हा वहिनीने बाळ पुढे केलं. ते घ्यायला जे दोन हात आत आले ते आत्याचे होते. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ लागलेले. सोयर, शिवाशिव, पाचवी, सगळं विसरून ती म्हणत होती, "दे, दे, दे माय, सोड."

मग मी निघाले. मग वहिनी खांद्यापर्यंत आली आणि अडकली. बाबा पहार मारू शकत नव्हते, तिला लागली असती. ते हातांनी माती ओरबाडायला लागले. आत्याने बाळ माझ्याकडे टाकलं आणि वहिनीच्या दोन्ही काखांत हात घालून पाय रोवून ओढलं. डोंगर धावत येत नाही. तो थकलेल्या म्हशीसारखा आधी पुढचे पाय मोडतो, मग सावकाश बसतो. आमच्यासमोर धाब्याच्या बल्ल्या एकेक करून मोडल्या, भिंती आत झुकल्या, आणि ज्या भोकातून वहिनी आत्ताच बाहेर आली होती ते मिटलं. आम्ही नाल्याकडे पळालो. मागे वळून पाहिलं तेव्हा खोली नव्हती, अर्धं घर नव्हतं, आणि रांगेतली शेजारची दोन घरं रिकामी होऊन त्यांची माणसं आमच्या मागे पळत येत होती.

नाल्यापलीकडे एका शेतकऱ्याची बैलगाडी ठेवायची झोपडी होती. तिथे आम्ही टेकलो. बाळ आता रडत होतं, चांगलं खणखणीत, आणि आम्ही ते रडणं गाणं ऐकावं तसं ऐकत होतो. बाबा बाहेर पावसात उभे होते, पहार अजून हातात होती. मी त्यांना आत बोलवायला गेले. ते म्हणाले, "आगीच्या भेवानं मीच त्याच्या मुळ्या काढल्या, शेवंते. त्याले धराले काई ठिवलंच नाई मी." मला त्यांच्या बोलण्यातलं निम्मंच कळलं, पण त्यांचा हात धरून मी रडले.

आत आत्या बसली होती. तिच्या पिठाचे दिवे, पाटा, विळा, सगळं डोंगराखाली गेलं होतं. ती म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. ती वहिनीला म्हणाली, "गोदे, आता सटवाई कोठी येईन व? तिले खोली तं सापडनार नाई."

वहिनीच्या केसांत चिखल होता, ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "यायचं असन तं धुंडत धुंडत येईन, आत्याबाई. आमी नाई आलो एवढा चिखल तुडवत?"

आत्या उठली, झोपडीतलाच एक दगड पावसात धुऊन आणला, त्याला हळदीऐवजी पिवळी माती लावली आणि हात जोडले. त्या दिवसानंतर वहिनी काही बोलली की आत्या आधी ऐकून घ्यायची, मग नाही म्हणायची. आमच्या घरात हीच मोठी सुधारणा होती.

बाबांनी नंतर काळ्या जमिनीत घर बांधलं. ते दर वर्षी फाटलं आणि दर वर्षी त्यांनी ते लिंपलं. डोंगराला त्यांनी पुन्हा कुदळ लावली नाही. गावाने मात्र पुढच्या उन्हाळ्यात खारी माती कोसळलेल्या ढिगातून नेली. आयती खणलेलीच होती, कोण सोडणार? कितीतरी वर्षं लोक तो ढीग नेत राहिले, गुरं त्यावरून चालत राहिली, पावसाने तो पसरत गेला, आणि जिथे उतार होता तिथे एक चांगलं मोठं सपाट पटांगण तयार झालं. वर डोंगरावर गवत परत आलं, पळस आले. आज कोणी म्हणणार नाही की इथे काही झालं होतं.

ते बाळ आता पांढऱ्या मिशांचं झालं आहे. मी विधवा होऊन माहेरी परतले ती त्याच्याच घरी राहते. वहिनीला जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा उन्हाळ्यात माझ्या याच भाच्याने त्या पटांगणावर घर बांधायचं काढलं. चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन तो पायाच्या रेघा आखत होता आणि मी काठी टेकत तिथे गेले.

"सपाट जागा हाय आत्या," तो म्हणाला. "पुढून सडक गेली. अशी जागा कोठी भेटते?"

"सपाट काहून हाय, ठाऊक हाय ना तुले?"

"ठाऊक हाय. तूनंच तं सांगतलं." तो रेघ आखत डोंगराकडे सरकला. "एकडाव आला डोंगर, आता कायले येते? अन् आता सिमिटाचं काम हाय."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो त्याच्या आजोबांचा नातू आहे. मी म्हटलं, "बरं. मंग मागच्या खोलीत मायी खाट टाक. भिंतीले लागून."

"कायले? तुले पुढची देतो, उजेडाची."

"मले मागचीच पायजे."

"काहून?"

"ऐकाले."

तो वाकलेला होता तो सरळ झाला. वर डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाटी खाली ठेवली, आणि मागची रेघ पायाने पुसायला लागला.